अकिला आणि अकोला

माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरवर स्टारफील्ड नावाच्या गेममध्ये माझ्या मुलाचे ११२ तास जमा झालेले दिसले, तेव्हा मी आधी हिशेब केला. शिक्षकाची सवय. रोज आठ तास अभ्यासाचे धरले तर चौदा दिवस झाले. नीटच्या तयारीतले चौदा दिवस, आणि तेही दुसऱ्या वर्षातले.

वऱ्हाडात ज्यांच्या घरी बारावी सायन्सचं लेकरू आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या वेळी मार्क कमी पडले म्हणून २०२३ च्या जूनमध्ये त्याला अमरावतीहून अकोल्याला पाठवलं. अकोल्यात क्लासेस आहेत, होस्टेलं आहेत, मेसचे डबे आहेत आणि 'रिपीटर' नावाची एक वेगळी जमात आहे. तिथे पोरांना कोणी वय विचारत नाही, कितवी वेळ ते विचारतात. होस्टेलचा खर्च मला झेपणारा नव्हता, म्हणून तो माझ्या बहिणीकडे राहिला. बहिणीचा मुलगा लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. त्यासाठी त्यानं हप्त्यांवर एक तगडा कॉम्प्युटर घेतला आहे. लग्नसराईत त्यावर लग्नं चालतात, एरवी गेम.

रमजानच्या आधी मी अकोल्याला गेलो होतो, तेव्हा हे ११२ तास उघडकीला आले. मुलाला समोर बसवून म्हणालो, "आपल्या हायवेवर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरी सडक १०५ तास ३३ मिनिटांत झाली, गिनीज बुकात नाव गेलं. तू ११२ तासांत काय केलंस?" जून २०२२ ची ती गोष्ट आमच्या भागात लहान पोरांनाही पाठ आहे. मुलगा खाली पाहत राहिला. भाचा मात्र म्हणाला, "मामू, गुस्सा बाद में करो. पहले एक बार खेल के तो देखो."

तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. मी उठून नमाजला गेलो.

५ मेला परीक्षा झाली. मुलगा अमरावतीला त्याच्या अम्मीकडे आला. मेच्या शेवटच्या आठवड्यात बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून मी अकोल्याला जाऊन राहिलो. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे सुट्टी होतीच. त्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि २५ मेपासून जिल्हा प्रशासनानं उन्हासाठी कलम १४४ लावलं. कलम १४४ आम्हाला वेगळ्या कारणांनी ओळखीचं. उन्हासाठी लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. दुपारी बाहेर पडायची सोय नव्हती. बहिणीच्या डोळ्यावर पट्टी, घरात कूलरची घरघर, आणि भाच्याच्या खोलीत तो कॉम्प्युटर. मी म्हणालो, दाखव.

स्टारफील्ड हा बेथेस्डा गेम स्टुडिओज या अमेरिकी कंपनीचा गेम. ६ सप्टेंबर २०२३ ला आला. स्कायरिम हा त्यांचा २०११ चा गेम लोक अजून खेळतात. त्याच मंडळींनी टॉड हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनाखाली पंचवीस वर्षांत पहिल्यांदा संपूर्ण नवं जग उभं केलं. शंभराहून जास्त सूर्यमाला, हजाराहून जास्त ग्रह आणि चंद्र. कॉम्प्युटरमध्ये १२५ जीबी जागा घेतो. भाच्याच्या भाषेत, तीन लग्नं.

काळ आहे २३३०. पृथ्वी राहण्यालायक उरलेली नाही, माणसं दूरच्या ताऱ्यांभोवती वस्त्या करून राहतात. तुम्ही वेक्टेरा नावाच्या चंद्रावर खाणमजूर असता. खाणीत एका विचित्र धातूच्या तुकड्याला हात लागतो, डोळ्यांसमोर काही चमकून जातं, आणि थोड्याच वेळात एक अनोळखी माणूस येऊन स्वतःचं यान तुमच्या हवाली करतो. न्यू अटलांटिस शहरात आमची कॉन्स्टेलेशन नावाची मंडळी आहेत, त्यांना भेट, म्हणतो. ओळख ना पाळख. आमच्या मोहल्ल्यात स्कूटीची चावीसुद्धा कोणी अशी देत नाही.

माझा आणि कॉम्प्युटरचा संबंध सरल आणि यू-डायसच्या पोर्टलवर माहिती भरण्यापुरता. डाव्या हातानं चालायचं आणि उजव्या हातानं पाहायचं, हे जमायला मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी बराच वेळ छताकडे पाहत चालत होतो. त्यात संवाद सगळे इंग्रजीत. गेममध्ये जपानी आहे, पोलिश आहे. हिंदी, उर्दू, मराठी नाही. मी खालची वाक्यं वाचायचो आणि अडलं की भाच्याला विचारायचो. कधी कधी तोही अडायचा, मग आम्ही दोघं अंदाजानं उत्तर निवडायचो आणि समोरचा माणूस बंदूक काढायचा.

तिसऱ्या दिवशी आम्ही अकिला सिटी नावाच्या शहरात उतरलो. मातीचे रस्ते, चिखल, जनावरं आत येऊ नयेत म्हणून गावाभोवती भिंत. भाचा म्हणाला, "ये देखो मामू, अपना अकोला." नाव ऐकून मीही हसलो. यानांनी तारे ओलांडणाऱ्या माणसांना तीनशे वर्षांनी गावातला एक रस्ता पक्का करता आला नाही, हे मला पटलं. न्यू अटलांटिसचंही तसंच. वर काचेच्या इमारती, झाडं, झरे. आणि जमिनीखाली द वेल नावाची वस्ती, जिथे गरीब राहतात आणि वरच्यांना त्यांची आठवण नसते. या शहरांमध्ये माणसाचा हात दिसतो. कोणीतरी बसून विचार केलाय की इथे दुकान हवं, इथे भांडण हवं, इथे एक म्हातारी हवी.

गेममधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र अगदी साधी. इथे वस्तू जिथे ठेवाल तिथे राहते. टेबलावर कप ठेवा, चार ग्रह फिरून या, कप तिथेच. ब्रेड, पेन, फाइल, कुंडी, सगळं उचलता येतं. कोणीतरी आपलं अख्खं यान बटाट्यांनी भरून ठेवल्याचा व्हिडिओ भाच्यानं मला दाखवला. दुसरी गोष्ट म्हणजे यान बांधणं. इंजिन, कॉकपिट, मालाची पेटी, खोल्या, एकेक भाग निवडून जोडायचा आणि आपण जोडलेल्या यानात मग खरंच आत चालत फिरायचं. भाचा यात तासन्‌तास घालवतो. मी एक यान बांधलं, ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखं दिसत होतं, पण उडालं.

आणि पुस्तकं. गेममध्ये जागोजागी जुनी, खरी पुस्तकं पडलेली सापडतात. काही पुस्तकं उघडली की उजाड पृथ्वीवरच्या एखाद्या खुणेचा पत्ता मिळतो. ऑलिव्हर ट्विस्ट वाचलं की लंडनची उंच इमारत नकाशावर येते. पुस्तक उघडल्याशिवाय गाव सापडत नाही, ही कल्पना ज्यानं काढली त्याला भाषाशिक्षकांतर्फे माझा सलाम.

एक मोहीमही सांगायलाच हवी. निशिना नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे एक प्रयोग बिघडलेला असतो आणि तुम्ही एका क्षणी एका विश्वात, दुसऱ्या क्षणी दुसऱ्या विश्वात असता. एका विश्वात सगळं केंद्र जळालेलं आहे आणि रफाएल नावाचा एकच माणूस वाचला आहे. दुसऱ्यात केंद्र धडधाकट, माणसं कामात, मेलेला एकटा रफाएल. तेच कॉरिडॉर, तीच दारं. एक दार इकडे बंद असेल तर तिकडे जाऊन उघडायचं. शेवटी ठरवायचं की कोणतं विश्व खरं राहू द्यायचं. एक अवघड तिसरी वाटही आहे, दोघांनाही वाचवणारी, पण ती शोधावी लागते. त्या दुपारी मी चहा विसरलो. बहिणीनं पट्टीच्या आडून विचारलं, "भाईजान, नीट की तयारी आप कर रहे क्या?"

एवढं सगळं असूनही चौथ्या-पाचव्या दिवशी मला कंटाळा येऊ लागला.

एका ग्रहावर ओसाड प्रयोगशाळा लागली. आत शिरलो, लुटारू होते, लढलो, खोल्या तपासल्या. एका जागी एक प्रेत पडलेलं, बाजूला त्यानं लिहून ठेवलेली चिठ्ठी. वाईट वाटलं. मग दुसऱ्या सूर्यमालेतल्या दुसऱ्या ग्रहावर गेलो. तिथेही ओसाड प्रयोगशाळा. तेच दार, तोच जिना, त्याच जागी तेच प्रेत आणि बाजूला तीच चिठ्ठी. पहिल्यांदा वाटलेल्या हळहळीची मला लाज वाटली.

भाच्यानं कारण समजावलं. हजार ग्रह माणसांनी घडवलेले नाहीत. डोंगर-दऱ्या कॉम्प्युटर जुळवतो आणि त्यावर तयार इमारतींच्या गोदामातून काही उचलून ठेवतो. इमारती हातानं केलेल्या आहेत, पण मोजक्या. ग्रह हजार. मग त्या पुन्हा पुन्हा येणारच. जादूच्या शक्ती देणाऱ्या प्राचीन वास्तूही तशाच. आत हवेत तरंगत प्रकाशाच्या ठिपक्यांमागे पोहायचं, कडी उघडते, शक्ती मिळते. पहिल्यांदा अंगावर काटा आला. चौथ्यांदा जांभई आली. आणि अशा शक्ती चोवीस आहेत.

इथे माझ्यातला उर्दूचा शिक्षक जागा झाला, कारण पुनरावृत्तीला आमच्याकडे वाईट म्हणत नाहीत. दास्ताने-अमीर हमजाचे लखनौच्या नवल किशोर प्रेसनं ४६ जाडजूड खंड छापले. त्यांत एकामागून एक तिलिस्म, एकामागून एक जादूगार. अमर अय्यार वेश बदलतो, फसवतो, बेशुद्ध करतो, लुटतो, आणि पुढच्या तिलिस्मात पुन्हा तेच करतो. त्याच्याकडे जंबील नावाची थैली आहे, तिच्यात अख्खं जग मावतं. (स्टारफील्डमध्ये चार बंदुका जास्त उचलल्या की धाप लागते आणि ऑक्सिजन संपतो. खेळणाऱ्यांची सगळ्यात जास्त चिडचिड याचीच असावी. जंबील हवी होती.) शम्सुर्रहमान फारुकी यांनी हे सगळे खंड जमवले, वाचले आणि आयुष्यभर सांगितलं की दास्तानीला कादंबरीचा गज लावू नका, ती ऐकण्याची चीज आहे, तिच्यात पुन्हा पुन्हा येणं हा दोष नाही.

मग स्टारफील्डमध्ये तो दोष का वाटतो? मला वाटतं, दास्तानगोच्या समोर माणसं बसलेली असत. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले, जुन्या परंपरेतले ते शेवटचे मोठे दास्तानगो. अशा दास्तानगोंबद्दल किस्सा सांगतात की आशिक आणि माशूक यांच्यामध्ये फक्त एक पडदा उरला असताना ते दास्तान अडवून धरत आणि तो पडदा कित्येक दिवस उचलू देत नसत. ऐकणारे तडफडत, आणि तो त्यांची तोंडं पाहून आणखी लांबवी. मी एकोणीस वर्षं विरामचिन्हं शिकवतोय. धडा तोच, उदाहरणंही बहुतेक तीच. पण तिसऱ्या बाकावरचं पोरगं भुवई वर करतं तेव्हा मी थांबतो आणि वाक्य बदलतो. त्या प्रयोगशाळेतल्या चिठ्ठीला माहीत नाही की मी तिला आधी वाचलंय. हजार ग्रहांच्या गेममध्ये माझा चेहरा पाहणारं कोणी नाही.

दुसरी तक्रार रस्त्याची. यान आपलं, तारे आपले, पण एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायला नकाशा उघडायचा, ठिकाण निवडायचं, एक चित्र दिसतं आणि पोचलो. ग्रहाच्या जमिनीवर स्वतः यान उतरवता येत नाही, जमिनीवरून उडवत नेता येत नाही. उतरल्यावर मात्र पायपीट. गेम आला तेव्हा शहरांचे धड नकाशेही नव्हते. ते मे २०२४ मध्ये आले. म्हणजे लांबचं चुटकीसरशी आणि जवळचं रखडत.

आमच्या नव्या हायवेनंही माझ्यावर हेच केलंय. पूर्वी अमरावती-अकोला एसटी बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत जायची. मूर्तिजापूरला गाडी थांबली की शकुंतलेची चौकशी व्हायची. ती छोट्या रुळांची गाडी, एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. आता ती बंद आहे. आता बडनेऱ्यानंतर माझा डोळा लागतो आणि उघडतो तो अकोल्यात. वेळ वाचतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, रोज जाणाऱ्याला विचारा. पण अंतराळाच्या गेममध्ये मला प्रवासच हवा होता. तो मिळाला नाही.

एका दुपारी मी भाच्याला म्हणालो, पृथ्वीवर चल. गोल फिरवून आम्ही हिंदुस्थानचा अंदाज घेतला, त्यात वऱ्हाडाचा अंदाज घेतला आणि उतरलो. समुद्र नाहीत, झाडं नाहीत. तपकिरी वाळू आणि दगड. वाळूत काही खुणा गेमवाल्यांनी जपल्या आहेत: इजिप्तचे पिरॅमिड, पिसाचा मनोरा, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट, दुबईची बुर्ज खलिफा. आपल्याकडचं मला काही सापडलं नाही. ताजमहाल नाही याचं वाईट वाटलं, पण मी त्या वाळूत शोधत होतो लोणार. काळ्या बसाल्टमध्ये उल्केनं पाडलेला खड्डा, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद. अशा खडकातले आघाती खड्डे पृथ्वीवर फार थोडे, म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे इथे येतात. मी शाळेची सहल दोनदा नेली आहे. सरोवराचं पाणी खारं आणि इतकं अल्कधर्मी की त्यात मासे नाहीत, आणि काठावर गोड्या पाण्याची धार पडते. देवळं आहेत, माकडं आहेत, लवणासुराची गोष्ट सांगणारा कोणीतरी हमखास भेटतो. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या पोरांनी त्यावर निबंध लिहिले होते. गेममध्ये हजारो खड्डे आहेत. एकाचीही गोष्ट सांगायला कोणी उभं नाही.

धर्माचं एक सांगून टाकतो, कारण मला लगेच विचारलं जाईल. २३३० मध्ये ठळक तीन पंथ दिसतात. विश्वातच खुदा शोधणारा एक, न मानणाऱ्यांचा एक, आणि महासर्पाची वाट पाहणारे व्हारून घराण्याचे लोक. पहिल्या पंथाचा एक माणूस कॉन्स्टेलेशनमध्ये आहे, नाव मातेओ खत्री. खत्री आडनाव वाचून बरं वाटलं, कोणीतरी आपल्याकडून पोचलं म्हणायचं. व्हारूनच्या संस्थापकाचं नाव मात्र जिनान, आणि त्याचे अनुयायी सुरुवातीला भेटतात ते फक्त दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडणारे माथेफिरू म्हणून. नावाचा घाट कुठून घेतलाय आणि भूमिका कोणती दिलीय, हे आमच्या डोळ्यांना शिकवावं लागत नाही. त्यांच्यातलीच आंद्रेया नावाची एक बाई तुमची साथीदार होते, तीच त्यातली समजूतदार. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेला पुढचा भाग त्यांच्याच ग्रहावर घडतो असं भाचा सांगतो, मी तो खेळलेलो नाही. मला कमी वाटली ती कल्पना. ऑक्टोबर २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुजफ्फर शुकूर रमजानच्या शेवटच्या दिवसांत अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा तिथल्या उलेमांनी एक पुस्तिकाच काढली: किब्ला साधला तर काबा, नाही तर काब्याच्या वरची दिशा, नाही तर पृथ्वी, आणि तेही नाही तर जिकडे तोंड असेल तिकडे. खऱ्या माणसांनी एवढा विचार करून ठेवलाय. तीनशे वर्षांनंतरच्या गोष्टीत एकाही यानात जानमाज नाही.

आता जे सांगायला बसलो होतो ते. हे सगळं मी माझ्या वेगळ्या खात्यावर खेळत होतो. परतायच्या आदल्या रात्री भाच्याला म्हणालो, त्याचं उघड.

गेम सुरू करताना तुम्हाला आधीचा पेशा निवडावा लागतो. यादीत युद्धातला डॉक्टरही आहे, प्राध्यापकही आहे. नीटची तयारी करणाऱ्या, मास्तरच्या पोरानं स्वयंपाकी निवडला होता. शिवाय तीनपर्यंत वैशिष्ट्यं घेता येतात. एकात घर मिळतं, पण डोक्यावर मोठ्या कर्जासह. ते आमच्या स्टाफरूममध्ये कोणीतरी सुचवलं असावं. मुलानं एकच घेतलं होतं. त्याचं नाव किड स्टफ. म्हणजे तुमचे आईवडील जिवंत आहेत, न्यू अटलांटिसमध्ये राहतात, केव्हाही भेटायला जाता येतं. बदल्यात तुमच्या पैशातले दोन टक्के आपोआप त्यांना जातात.

भाचा म्हणाला, "ये वहाँ बहुत जाता था. मिशन छोड़ के." त्यानं मला तिथे नेलं. लिफ्ट, दार, बैठकीची खोली. आईबापांचे चेहरे गेम तुमच्या पात्राच्या चेहऱ्यावरून घडवतो. मुलाचं पात्र सावळं, दाढीवालं. त्यामुळे तो बाप माझ्यासारखा नसला तरी आमच्या घराण्यात खपला असता. तो मुलाला पाहून खूश होतो. काय चाललंय विचारतो, कौतुक करतो, कधी काही भेट देतो, पुन्हा ये म्हणतो. आम्ही बाहेर जाऊन परत आलो. थोडंफार तेच बोलला. परत गेलो. परत तेच.

भाच्यानं आणखी एक दाखवलं. ज्यांना गेमचा शेवट कळू द्यायचा नाही त्यांनी पुढचे चार ओळी सोडाव्यात. सगळे तुकडे जमले की युनिटी नावाच्या जागी जाता येतं. तिथून पलीकडे गेलं की दुसऱ्या विश्वात सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शिकलेली कौशल्यं आणि शक्ती सोबत येतात. यान, घर, पैसा आणि या विश्वातली माणसं मागे राहतात. माघारीही फिरता येतं. माझ्या मुलाची तयारी पूर्ण होती, यानावर यंत्र बसवलेलं होतं, फक्त झेप घ्यायची बाकी होती. फेब्रुवारीपासून गेम तिथेच थांबलेला.

४ जूनला निकाल लागला. लोकसभेचाही त्याच दिवशी होता, त्यामुळे मोहल्ल्यात आमच्या निकालाकडे कोणाचं लक्ष नव्हतं, हे एक बरं झालं. मार्क गेल्या वेळेपेक्षा वाढले होते. कट-ऑफ त्याहून जास्त वाढला. संध्याकाळपर्यंत दोन नातेवाइकांचे फोन आले, दोघांनीही एकच सुचवलं: एक साल और.

रात्री गच्चीवर पाणी मारून आम्ही दोघं बसलो. मी त्याला सांगितलं की मी गेम खेळलो, आणि त्याच्या गेममध्येही जाऊन आलो. तो अवघडला. मी विचारलं, त्या घरी एवढा का जायचास, ते तर दर वेळी तेच बोलतात.

"वही बोलते," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "लेकिन टेस्ट के मार्क नहीं पूछते."

मी अकोल्याला दर रविवारी फोन करायचो. सलामनंतरचा माझा पहिला प्रश्न कोणता असायचा ते मला आठवलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. खाली कोणाच्या तरी घरी टीव्हीवर अजून आकडे चालू होते. मग तोच म्हणाला की तिसऱ्यांदा बसायचं नाही. क्लासमधल्या फळ्याचा कोपरा कुठे उडालाय ते पाठ झालंय, म्हणाला. त्याच्या अम्मीला हे पटायला आठ दिवस लागले, मला त्याहून जरा जास्त, कारण मी वरून हो म्हणालो आणि आतून हिशेब करत राहिलो. त्यानं अमरावतीतच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. आवडतंय का, हे अजून विचारलेलं नाही. दिवाळीत तो एकटा अकोल्याला गेला आणि फुफीला बिर्याणी करून खाऊ घालून आला. बहीण म्हणते, नमक जरा ज्यादा था.

गेम घ्यावा का, असं दोघा-तिघांनी विचारलं. कॉम्प्युटर तगडा असेल, आणि शहरं, माणसं, मोठ्या मोहिमा एवढ्यावर भागत असेल तर पैसे वाया जाणार नाहीत. हजार ग्रहांच्या नादी लागू नका, वीस पुरेत. ऑगस्ट २०२४ पासून जमिनीवर फिरायला गाडीही मिळते, म्हणजे निदान पायपीट वाचेल.

परवा भाच्याचा फोन आला. लग्नसराई तोंडावर आहे, कॉम्प्युटरमध्ये जागा उरलेली नाही, चार लग्नांचं शूटिंग येऊन पडलंय. "मामू, वो गेम अब कोई खेलता नहीं. निकाल दूँ क्या?"

मी म्हणालो, नवी हार्ड डिस्क कितीला येते ते बघून सांग.